बिनबंदुकीची शिकार

हरणाच्या शिकारीला किती कष्ट पडतात हे मला कुणी सांगू नये. ते मी इतकी वर्षं ऐकलं आहे की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. वारा कुठून आहे, ऊन कुणाच्या डोळ्यावर आहे, कळप रात्री कुठं बसला, सकाळी पाण्यावर कुठून उतरला. ऐकून ऐकून माझे कान किटले. आणि हे सगळं सांगणाऱ्या माणसानं आयुष्यात एक हरीण मारलं नव्हतं. मारायला त्यांच्याकडं बंदूकच नव्हती. छत्री होती.

मी त्यांच्याकडं सोलापुरात शुक्रवार पेठेत स्वयंपाकाला होते. त्यांना काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. काका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आता रिटायर. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी, म्हणून लोक माझ्यासमोर वाटेल ते बोलतात. काका तर भिंतीशीसुद्धा बोलले असते. हे मी कुणाला वाचायला देणार नाही, पण लिहून काढल्याशिवाय माझा राग उतरायचा नाही.

काकांच्या वडिलांकडं परवान्याची बंदूक होती. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. लहानपणी काका त्यांच्यामागून माळ तुडवायचे, पाण्याची पिशवी धरायचे, पण बंदुकीला हात लावायचा नाही. "मिसरूड फुटू दे, मग बघू," वडील म्हणायचे. मिसरूड फुटलं तोवर कायदा आला आणि शिकार बंद झाली. वडील गेल्यावर बंदूकही सरकारजमा झाली. काका कायद्याला नावं ठेवायचे नाहीत. म्हणायचे, "हरीण मारू नयेच. पण शिकार मारण्यात असते असं कुणी सांगितलं? बंदुकीचं काम एका श्वासाचं. त्याच्या आधीची सगळी शिकार पायांची." हे ते दूधवाल्यालाही ऐकवायचे. दूधवाला किटली घेऊन दारात उभा, त्याची पुढची घरं खोळंबलेली, आणि काका त्याला सांगतायत की काळवीट लेंड्या टाकायलासुद्धा रोज ठरलेल्या जागी येतो.

"मग आमच्या म्हशीपेक्षा शिस्तीचा हाय की," म्हणून दूधवाला सटकायचा.

त्या लेंड्या एकदा घरातही आल्या. रुमालात बांधून आणलेल्या. काकांनी त्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि एक फोडून काकूंना दाखवायला लागले, की बघ, कालपर्यंत गवत खाल्लंय आणि आज कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरलाय. काकूंनी टेबलावरचं कापड चारी कोपरे धरून उचललं आणि तसंच्या तसं खिडकीबाहेर झटकलं.

"हरणानं काल काय खाल्लं ते कळतं," काकू म्हणाल्या, "बायकोनं काल उपास केला होता ते कळत नाही."

काका म्हणाले, "तू कुठं माळावर असतेस?"

त्यांना यात काही चुकीचं वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

काका रविवारी माळावर जायचे, त्यामुळं शनिवारचा स्वयंपाक म्हणजे मला शिक्षा होती. लसूण नाही, कांदा नाही, हिंगाची फोडणी नाही. अंगाला वास राहतो आणि हरणाला तो लांबून येतो म्हणे. शनिवारी ते साबण लावायचे नाहीत, डोक्याला तेल लावायचे नाहीत. काकू देवासमोर उदबत्ती लावायच्या, तिची राख ते कागदाच्या पुडीत भरून घ्यायचे. माळावर ती चिमटीतून सोडून वारा बघायचा. एकदा काकूंची बहीण गुडघ्याला अंगारा मागायला लागली तर देवघरात राखेचा कणही नाही. सगळा वारा बघण्यात गेलेला.

ते आमच्या माळावर कसे आले, ते सांगते. माझं माहेर सोलापूरपासून एसटीनं फार लांब नाही. गावाबाहेर वस्ती आहे. आई तिथं एकटी राहते, शेरडं राखते. भाऊ-भावजय हाकेच्या अंतरावर. रविवारी सुट्टी असली की मी आईकडं जायची. एका सोमवारी काकूंनी विचारलं, लुगड्याला एवढी कुसळं कशी गं? मी म्हटलं, आईबरोबर शेरडांमागं गेले होते, तिथं हरणं असतात तो माळ सगळा कुसळीनं भरलाय. काकांनी पेपर खाली ठेवला. झालं. पुढच्या रविवारी एसटीत माझ्या शेजारी काका. हातात छत्री, पाऊस नाही, पाण्याचा थेंब नाही.

सुरुवातीचे कितीतरी रविवार त्यांना हरणाचं शेपूटसुद्धा जवळून दिसलं नाही. हे आडवे होऊन रांगत निघायचे. कळप मान वर करायचा आणि उड्या मारत दिसेनासा व्हायचा. काका कुसळात पालथे. दुपारी वस्तीवर परत आले की गुडघे फुटलेले, कोपरं सोललेली. आई हळद लावायची. एकदा तिला राहवलं नाही.

"सायेब, असं सरड्यावानी कशापाई जाताय? शेरडामागनं चला की. बाईला अन् शेरडाला हरीण बुजत न्हाय."

"खरंच?"

"व्हय. रोज हितं शेजारीच चरत्यात. आमी काय त्यास्नी नवं हाय का?"

तेव्हापासून पुढं शेरडं, त्यांच्यामागं मी नाहीतर आई, आणि आमच्या मागं वाकून काका, छत्री काखेत. ही युक्ती माझ्या आईची. पण वर्षभरात ती त्यांच्या वडिलांची झाली. "आमचे वडील नेहमी बाईच्या आडोशानं जायचे," असं ते लोकांना सांगायला लागले. मी चहाचे कप उचलत ऐकायची. एकदा आईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "त्येंच्या बापाला बी कुन्या बाईनंच सांगितलं आसंल." मला मात्र हसू आलं नाही.

आणि बांगड्या. काकांनी मला सांगितलं, बांगड्या काढून ठेव, वाजतात. मी मान हलवली, नाही म्हणून. नवरा जिवंत असताना हात मोकळे ठेवून मी माळावर जाणार नव्हते, तेही कुणाच्या हरणासाठी. काका म्हणाले, मग रुमाल गुंडाळ. मी दोन्ही हातांना भाजल्यासारखे रुमाल बांधून चालायची. पुढं शेरडांच्या गळ्यात घंट्या वाजतायत, तिकडं काकांचं लक्ष नाही. शेरडाची घंटा चालते, माझ्या काचेच्या बांगड्या चालत नाहीत. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलायला पाहिजे होतं असंही म्हणत नाही. त्यांना ते कळलंच नसतं.

वर्षं गेली तसे आम्ही कळपाच्या जवळ जवळ जायला लागलो. कळपात एक मोठा काळवीट होता, पाठ डांबरासारखी काळी, पोट पांढरं, एक शिंग टोकाला जरा आत वळलेलं. काकांची सगळी शिकार त्याच्यावर. दरवेळी ते माझ्यामागून छत्री खांद्याला लावायचे, एक डोळा मिटायचे, श्वास धरायचे आणि हळूच म्हणायचे, "ठो." मग छत्री खाली. झाली शिकार. काळवीट तसाच चरत असायचा. काका वस्तीवर येऊन आईच्या हातची भाकरी-पिठलं असं खायचे की जसं दहा गावं जिंकून आलेत.

शेवटी शेवटी तर दगड फेकला असता तर लागला असता, इतक्या जवळ गेलो. त्या दिवशी काकांनी येताना सात रस्ता चौकात उतरून पेढे घेतले. काकू विचारतायत कशाचे पेढे, हे म्हणतायत, इतक्या जवळ आमचे वडीलसुद्धा कधी पोचले नव्हते. मला त्या दिवशी गप्प राहवलं नाही. मी ओट्यापाशीच म्हटलं, "काका, ती आता तुमाला वळखत्यात. रोजचं मानूस म्हनून पळत न्हाईत. आपल्याला जवळ जाता येतंय ते तेच्यामुळं."

काकांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"म्हणजे माझे इतक्या वर्षांचे कष्ट काहीच नाहीत?"

"तसं न्हाई काका. पन ती भ्यायची सोडल्यात. दुसरं कुनी मागनं आलं तर?"

"तुला शिकारीतलं काय कळतं," ते म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा बंद केला. पुढं बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर वाढायला उभी असताना काकूंना म्हणायचे, हिला सांग, आमटीत मीठ कमी आहे. मीठ बरोबर असायचं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. काकांचे जावई आले, बरोबर त्यांचे दोन मित्र. बाहेरगावचे, मोठी गाडी, पायात जाड बूट. दिवाणखान्यात बसले. काकांना विचारलं, तुम्ही म्हणे शिकारी? काकांना आणखी काय पाहिजे होतं. दुपारभर चाललं. मी चहा दिला, मग कांदाभजी दिली, मग परत चहा. वारा, ऊन, लेंड्या, सगळं झालं. तोवर पाहुणे हसत होते. मग काका उठले आणि छत्री घेऊन आडोशाची रीत करून दाखवायला लागले. तेव्हा त्यातला एकजण हसायचा थांबला.

"म्हणजे पुढं बाई असली की पळत नाहीत?"

"अजिबात नाही."

"कुठलीही बाई?"

"आमची ठरलेली आहे," काका म्हणाले. "हिची आई. फार भली बाई."

आणि गावाचं नाव, वस्ती, ओढा, कळप सकाळी कुठल्या अंगाला असतो, सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं. मी आत जाऊन काकूंना म्हटलं, "काकू, काकांना गप करा." काकू म्हणाल्या, "त्यांना गप करणारा अजून जन्माला यायचाय." तरी त्या बाहेर गेल्या, जेवायला चला म्हणाल्या. तोवर सांगून झालं होतं.

चार-आठ दिवसांनी ते दोघे आईकडं गेले. मधल्या वारी, मी कामावर असताना. "सोलापूरच्या काकांची माणसं आहोत, हरीण जवळून बघायचंय," म्हणाले. आईनं त्यांना घोंगडी टाकून बसवलं, चहा केला. काकांची माणसं म्हणजे आपली माणसं. मग शेरडं सोडली आणि रोजच्यासारखी पुढं चालली. एकजण गाडीपाशी राहिला, दुसरा मागून आला. त्याच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आईला वाटलं छत्रीच असंल. काळवीट उभा होता. त्यानं मान वर केली, शेरडं बघितली, आईला बघितलं, आणि मान खाली घातली.

गोळी आईच्या खांद्यावरून सुटली. कानाला लागूनच. आई तिथंच खाली बसली. शेरडं उधळली. त्यांनी काळवीट गाडीत घातला आणि आईला उठवायलासुद्धा कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत ती माळावर होती. भाऊ शोधत गेला तेव्हा सापडली. उजव्या कानानं तिला त्या दिवसापासून ऐकू येत नाही.

आवाज गावात ऐकू गेला होता. दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली. माळावर रक्त सापडलं. आईला त्या माणसांबरोबर जाताना लोकांनी बघितलेलं. ती माणसं कोण, म्हणून विचारलं तर आई एवढंच म्हणे, "सायबाची मानसं." कुठला साहेब, काय नाव, तिला माहीत नाही. आम्ही काकांचं नाव कधी घेतलंच नव्हतं. चौकशीसाठी तिला सोलापूरला वनखात्याच्या हापिसात आणलं. भावाचा फोन आला. म्हणाला, "आय शिकाऱ्यास्नी घिऊन गेली असं लिवून घेनार हायेत. तुझ्या सायबाला सांग की."

मी फोन ठेवला आणि काकांकडं गेले. ते गॅलरीत नखं कापत बसले होते. मी सगळं सांगितलं. एका दमात एवढं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी नेलकटर मिटलं. मग म्हणाले,

"किती लांबून मारलं?"

मी म्हटलं, "आईच्या खांद्यावरनं."

"ते नाही. हरीण किती लांब होतं?"

माझी आई बहिरी झाली, हापिसात जाऊन बसली, आणि या माणसाला अंतर पाहिजे. ते आपल्याशीच म्हणाले, "मग याला शिकार म्हणत नाहीत. एक दिवस माग काढला नाही, वारा बघितला नाही. याला शिकार नाही म्हणत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुणासाठी होतं, ते त्यांचं त्यांना माहीत.

काकू स्वयंपाकघरातून आल्या. म्हणाल्या, "चपला घाला आणि हिच्याबरोबर जा. आणि तिथं शिकार सांगत बसू नका."

पण त्यांनी तीच सांगितली. अधिकारी तरुण होता, नीट बोलणारा. आई कोपऱ्यात बाकावर, पदर कानाशी धरून. काकांनी सुरुवात केली की ही बाई निर्दोष आहे. शिकार ही काय चीज आहे, हे हिला माहीत तरी आहे का? मग वडील, मग वारा, मग राख, मग पायांचे कष्ट. अधिकाऱ्यानं पंखा वाढवला, चहा मागवला, ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"काका, तुम्ही सांगता इतकं अवघड आहे, तर ती माणसं पहिल्याच दिवशी तिथपर्यंत कशी पोचली?"

काका थांबले. शेवटी म्हणाले, "नशीब त्यांचं."

"आणि ती कोण, हे तुम्हाला माहीत नाही?"

काकांनी माझ्याकडं बघितलं नाही. "घरी खूप लोक येतात," म्हणाले.

तिथं माझं डोकं फिरलं. आयुष्यात कचेरीत कधी तोंड उघडलं नव्हतं. कुणी नाव विचारलं तरी घाम फुटायचा. मी उभी राहिले. म्हटलं, "नशीब न्हाई साहेब. हरनं आमीच मानसाळवली. माझ्या आईच्या मागनं चालून चालून ह्यांनी त्यांची भीती घालवली. अन् जागा ह्यांनीच सांगितली, माझ्यासमोर. त्या दोघांना चहा मी दिलाय. जावयांचे दोस्त हायेत." आणि दोघांची नावं सांगितली. भज्यांची ताटली पुढं करताना ऐकली होती, ती विसरले नव्हते.

अधिकाऱ्यानं काकांकडं बघितलं. "खरं आहे?"

भिंतीवर पाणवठ्याचा फोटो होता, त्याच्याकडं काका बघत राहिले. मग इतक्या हळू बोलले की अधिकाऱ्याला पुढं वाकावं लागलं. "हो. माझ्याच घरी सांगितलं मी. हिच्या आईचा काही दोष नाही. ती हरणं पळतच नव्हती. कुणीही मारली असती." आणि जबाबाखाली सही केली.

आईला घरी जाऊ दिलं. एसटीत ती डावा कान माझ्याकडं करून म्हणाली, "सायेब लई बोलत हुते की गं. काय म्हनले?"

मी तिच्या कानात ओरडून सांगितलं, "कायबी न्हाई." सगळी गाडी आमच्याकडं बघायला लागली.

जावई पुढं काकांच्या घरी आले नाहीत. मुलगीही बरेच दिवस आली नाही. त्याचा दोष माझ्यावर आला, म्हणून मी ते काम सोडलं. आता दुसरीकडं पोळ्या लाटते. त्या दोघांवर खटला चाललाय म्हणतात. पण खटला किती चालतो ते आपण बघतोच, आणि तोवर ते गाडीतून फिरतायतच.

कळप मात्र अजून तिथंच आहे. काळवीट गेला, माद्या आहेत, पाडसं आहेत. अजूनही आईला बघून पळत नाहीत. गोळी सुटली तेव्हा उधळली होती, पण आठवडाभरात परत शेजारी येऊन चरायला लागली. म्हणून रविवारी आता मी आणि आई त्यांना हुसकावायला जातो. थाळी वाजवतो, ओरडतो, ढेकळं मारतो. लोकांना वाटतं आम्हाला वेड लागलंय. भीती घालवायला इतकी वर्षं लागली, ती परत घालायला किती लागतील कुणास ठाऊक. आईचा हात दुखतो. तरी येते.

मागच्या रविवारी माळावर वर आले तर हिवराच्या झाडाखाली काका उभे. एकटेच आलेले, थकलेले, दाढी वाढलेली. मी नमस्कार केला नाही. आईनं केला. त्यांनी सवयीनं बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाले, "वारा आपल्याकडूनच आहे. त्यांना वास जाईल."

"जाऊ द्या की," मी म्हटलं. एक ढेकूळ उचलून त्यांच्या हातात दिलं. "मारा."

त्यांनी ते हातात घोळवलं. माती बोटांतून गळायला लागली. शेवटी फेकलं, पण निम्म्या वाटेत पडलं. एका मादीनं मान वर केली, आमच्याकडं नीट बघितलं, आणि पाडसाला चाटायला लागली.

"आगं पळ की बये," आई म्हणाली, आणि वाकून दुसरं ढेकूळ शोधायला लागली.